सारखेपणाचा सोपा धर्म

आपल्याकडे सर्वधर्मसभा नावाचा एक प्रकार आता चांगलाच रूढ झाला आहे. व्यासपीठावर एक स्वामीजी, एक मौलाना, एक भन्ते, एक ग्रंथी आणि पांढऱ्या झग्यातला एक फादर अशी ठरलेली मांडणी असते. समई पेटते, शाल-श्रीफळ होते, प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटे येतात. त्या सात मिनिटांत प्रत्येकजण आपल्या ग्रंथातले प्रेमाचे एखादे वचन उद्धृत करतो आणि सर्व धर्म सारखेच आहेत, या एकाच वाक्यावर येऊन विसावतो. टाळ्या पडतात आणि चहापानानंतर मंडळी पांगतात. गेली पंचवीस वर्षे त्या पांढऱ्या झग्यातून मी हे वाक्य ऐकत आलो आहे. वाचकहो, हे वाक्य खरे नाही, आणि ज्या ऐक्यासाठी ते उच्चारले जाते त्या ऐक्याच्याही ते कामाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व धर्म सारखेच असतील, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला केलेल्या घोषणेपासून १९५६ साली नागपूरला घेतलेल्या दीक्षेपर्यंतची एकवीस वर्षे कशासाठी खर्ची घातली? त्या काळात त्यांनी धर्माधर्मांची तुलना केली. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांना शेजारी शेजारी ठेवून कोण स्वतःविषयी काय म्हणतो, याची चिकित्सा केली. त्यांचा निष्कर्ष मला ख्रिस्ती म्हणून मान्य होण्याचा प्रश्नच नाही. परंतु त्यांनी प्रश्न गांभीर्याने घेतला, आणि त्यांच्यामागे लाखो माणसे आपला जन्माचा धर्म मागे ठेवून निघाली. त्या माणसांना ‘अहो, सगळे सारखेच’ असे सांगणे हा त्यांचा अवमान आहे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी घर, नातीगोती आणि प्रतिष्ठा पणाला लावली. सगळे सारखेच असते तर हा वनवास त्यांनी का पत्करावा? आणि तरीही पुढे ह्याच टिळकांनी, आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी कृतज्ञता सतत व्यक्त केली. सेतू आणि पैलतीर एकच आहेत असे ते म्हणाले नाहीत, आणि पैलतीर गाठल्यावर सेतू मोडावा असेही म्हणाले नाहीत.

महात्मा फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली प्रसिद्ध झाले) एका कुटुंबाचे चित्र आहे. त्या घरातील बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म स्वीकारावा, तिच्या पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी व्हावे आणि सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता गोडीगुलाबीने नांदावे, अशी ती कल्पना आहे. सर्वधर्मसभेतील एकही वक्ता ह्या पानाजवळ फिरकत नाही, कारण ते फार अवघड आहे. फुल्यांच्या घरात प्रत्येकाने वाचन केले आहे आणि वाचून निवड केली आहे. तेथे भेद पुसलेला नाही. भेद जागा आहे, आणि प्रेमही जागे आहे. आपल्या सभांत कोणी कोणाचे वाचत नाही, म्हणूनच सगळे सारखे दिसतात. लांबून पाहिले की सगळी गावे सारखीच दिसतात.

ही झाली एक बाजू. आता दुसरी बाजू आपल्या चर्चमधल्या बाकांवर बसलेली आहे. ‘फादर, आपल्याकडे ख्रिस्त आहे, शुभवर्तमान आहे, संस्कार आहेत. मग दुसऱ्यांच्या धर्मात डोकावायचेच कशाला?’ हा प्रश्न भाविकपणे विचारला जातो, म्हणून मी तो हसण्यावारी नेत नाही. शिवाय विचारणाऱ्याच्या पाठीशी वजनदार कागदपत्रेही आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० सालच्या ‘रिदेम्प्तोरिस मिस्सियो’ ह्या विश्वपत्रात ख्रिस्ताच्या मध्यस्थीला समांतर वा पूरक अशी दुसरी मध्यस्थी असू शकत नाही, असे बजावले. २००० साली ‘दोमिनुस येसुस’ हा दस्तऐवज आला. ज्या बेल्जियन जेज्वीट फादरांनी छत्तीस वर्षे भारतात घालवली आणि १९९७ साली धर्मांच्या अनेकत्वाचे ख्रिस्ती ईशज्ञान मांडणारा ग्रंथ लिहिला, त्या जाक द्युपुईंना रोमच्या चौकशीला सामोरे जावे लागले. २००१ सालच्या सूचनापत्रात सांगितले गेले की, ख्रिस्तातील प्रकटीकरण अपूर्ण आहे आणि ते इतर धर्मांनी पूर्ण करावे, ही कल्पना ख्रिस्तसभेच्या श्रद्धेविरुद्ध आहे. तात्पर्य, ‘धर्म परस्परांना पूरक आहेत’ हे वाक्य आमच्या घरात निरुपद्रवी नाही. त्यापायी एका वृद्ध विद्वानाची अखेरची वर्षे कष्टी गेली.

मग ‘पूरक’ हा शब्द टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. तो कोठे लावायचा, एवढेच पाहायचे. ख्रिस्त अपुरा नाही. ख्रिस्ती माणूस अपुरा आहे. मला जे दिले गेले आहे ते पूर्ण आहे, परंतु मी त्यातले घेतले किती? ही माझी पळवाट नव्हे. १९९१ साली रोमहूनच निघालेल्या ‘संवाद आणि घोषणा’ ह्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की, ख्रिस्तात प्रकटलेल्या सत्याची पूर्णता ही प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला ते सत्य पूर्णपणे उमगल्याची हमी देत नाही. सत्य ही आपल्या मालकीची वस्तू नसून आपणच त्या सत्याच्या स्वाधीन व्हायचे असते. सूचनापत्र तोंडपाठ असणाऱ्या मंडळींना ही मार्गदर्शिका सहसा ठाऊक नसते. ज्या विहिरीचे पाणी आटत नाही तिच्यातूनही आपल्या पोहऱ्याएवढेच पाणी निघते, आणि पोहऱ्याला छिद्र असेल तर ते शेजाऱ्याला आधी दिसते.

सेमिनरीत आम्ही ज्यांच्या खांद्यावर बसून तत्त्वज्ञान शिकलो त्या संत थॉमस अक्वायनस यांचेच उदाहरण घ्या. असणे आणि असण्याचे स्वरूप यांतील जो भेद त्यांच्या विचाराचा कणा मानला जातो, त्याची घडण इब्न सीना ह्या मुसलमान वैद्य-तत्त्वज्ञाच्या ग्रंथांत झालेली होती. ॲरिस्टॉटलवरील भाष्यासाठी ते इब्न रुश्दकडे इतक्या वेळा वळतात की त्याचे नाव न घेता नुसते ‘भाष्यकार’ म्हणतात. ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांना ते ‘रब्बी मोशे’ म्हणून आदराने उद्धृत करतात. आणि १२७० साली त्याच इब्न रुश्दच्या अनुयायांविरुद्ध त्यांनी खणखणीत ग्रंथही लिहिला. ज्याच्याकडून शिकले त्याच्याशी भांडले, आणि ज्याच्याशी भांडले त्याच्याकडून शिकले. सगळे सारखेच, असे म्हणणारा भांडणार नाही. आमच्याकडे सगळे आहे, असे म्हणणारा शिकणार नाही. तेराव्या शतकातील एका फ्रायरला दोन्ही साधले, आणि त्याच्या ग्रंथांतील ज्यू-मुसलमान ऋण न पाहता आपण त्यालाच तटबंदीचा दगड करून ठेवले आहे.

परंतु ह्याहून विलक्षण कथा एका विहिरीची आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर शोकाकुल धृतराष्ट्राला एक दृष्टान्त सांगतो. अरण्यात वाट चुकलेला एक ब्राह्मण वेलींनी झाकलेल्या विहिरीत पडतो आणि वेलींत अडकून उलटा लोंबकळतो. खाली नाग, काठावर हत्ती, आणि काळे-पांढरे उंदीर मुळे कुरतडत आहेत. वर मधमाश्यांचे पोळे आहे, त्यातून मध ठिबकतो आहे, आणि हा गृहस्थ सगळे विसरून मध चाटतो आहे. जैन कथाकारांनीही हा दृष्टान्त सांगितला. पुढे गौतम बुद्धाची जीवनकथा पश्चिमेकडे निघाली. ती अरबीत गेली, तेथून जॉर्जियन ख्रिस्ती संन्याशांनी आपल्या भाषेत आणली, ग्रीक आणि लॅटिन भाषांत ती ‘बार्लाम आणि योसाफात’ या नावाने युरोपभर वाचली गेली. आणि त्या कथेबरोबर ही विहीरही गेली. ‘योसाफात’ हे नाव ‘बोधिसत्त्व’ ह्या शब्दाचेच बदलत गेलेले रूप. सोळाव्या शतकात रोमन हुतात्मावलीत २७ नोव्हेंबरला ह्या ‘भारतीय संतां’ची नोंद झाली. म्हणजे राजवैभव सोडून निघालेल्या शाक्यपुत्राला आमच्या पूर्वजांनी नकळत संतांच्या पंक्तीत बसवले. नकळत घडले म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते. त्यांनी माणूस ओळखला नाही, पण त्याग ओळखला.

आता त्या विहिरीचा पुढला प्रवास पाहा. एकोणिसाव्या शतकात लिओ टॉल्स्टॉय जीवनाला विटून गेला तेव्हा ‘कबुलीजबाब’ ह्या आपल्या पुस्तकात त्याने हाच पौर्वात्य दृष्टान्त सांगितला: तोच मध, तेच दोन उंदीर. त्या विहिरीतून वर येताना त्याच्या हाती लागले ते डोंगरावरील प्रवचन, आणि त्यातून दुष्टाचा प्रतिकार दुष्टाईने न करण्याविषयीचा त्याचा ग्रंथ सिद्ध झाला. तो ग्रंथ १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टरने वाचला आणि तो भारावून गेला. त्याच गांधींनी लंडनला असताना गीता प्रथम वाचली ती एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी भाषांतरात, आणि त्याच सुमारास वाचलेले डोंगरावरील प्रवचन त्यांच्या काळजाला भिडले. १९१० साली जोहान्सबर्गजवळ सत्याग्रही कुटुंबांसाठी ‘टॉल्स्टॉय फार्म’ उभा राहिला, त्याची जमीन हर्मन कालेनबाख ह्या त्यांच्या ज्यू मित्राने दिलेली होती; आणि त्या फार्मवर हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती मुले एकत्र शिकत होती. पुढे डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात एका तरुण बॅप्टिस्ट पाळकाच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. ख्रिस्ताने आम्हांला आत्मा दिला आणि गांधींनी पद्धत दिली, अशा आशयाचे मार्टिन ल्यूथर किंग म्हणत असत. १९५९ साली ते भारतात आले ते यात्रेकरूच्या भावनेने. ह्या साखळीकडे कॅनडाचे धर्माभ्यासक विल्फ्रेड कॅण्टवेल स्मिथ यांनी फार पूर्वी लक्ष वेधले आहे. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. डोंगरावरील प्रवचन आमचेच होते. एकोणीस शतके ते आमच्या वेदीवरून वाचले जात होते. त्याचा उपयोग अन्यायी कायद्यासमोर संघटितपणे आणि निःशस्त्रपणे उभे राहण्यासाठी होऊ शकतो, हे आम्हांला एका वैष्णव घरातल्या माणसाने दाखवून दिले. पूरकतेची ह्याहून चांगली व्याख्या मला करता येत नाही: आपलीच वस्तू दुसऱ्याने आपल्या हातात परत ठेवावी आणि ती आपण प्रथमच पाहावी.

असेच शार्ल द फुको यांचे झाले. श्रद्धा हरवलेला हा फ्रेंच लष्करी अधिकारी १८८३ साली ज्यू रब्बीच्या वेषात मोरोक्कोत हिंडला. तेथील मुसलमानांची प्रार्थना, सतत ईश्वरासमोर असल्यागत जगणे पाहून तो मुळापासून हादरला. १८८६ साली तो पॅरिसला पापनिवेदनासाठी गुडघ्यावर आला. तो मुसलमान झाला नाही. नमाजाने त्याला मिस्साबलीकडे परत पाठवले. अखेरीस सहारातील तामनरासेत येथे तुआरेग लोकांत राहून, त्यांच्या भाषेचा कोश रचून, १९१६ साली तो मारला गेला. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपदी बसवले, तेव्हा आपल्या किती चर्चमधून सांगितले गेले की ह्या संताच्या परिवर्तनाचा धागा मोरोक्कोतल्या अज्ञात मुसलमानांच्या हातून आला होता?

उलट दिशेनेही हे घडले आहे. २४ डिसेंबर १८८६ रोजी बंगालमधील आँटपूर येथे श्रीरामकृष्णांच्या तरुण शिष्यांनी धुनीभोवती बसून संन्यासाचा संकल्प सोडला, तेव्हा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, त्यांना येशूचे चरित्र सांगत होते. ती नाताळची पूर्वरात्र आहे, हे त्यांच्या नंतर ध्यानात आले. ‘ख्रिस्तानुकरण’ ह्या आमच्या मठवासी ग्रंथाचा काही भाग विवेकानंदांनी बंगालीत आणला. रायगड-कुलाब्यातील बेने इस्रायलांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. शतकानुशतके ग्रंथ हाताशी नसताना त्या मूठभर लोकांनी शब्बाथ टिकवला. आपण मात्र रविवारी मिस्सा उरकून ओव्हरटाइमला पळतो.

येथे एक आक्षेप ऐकू येतो आणि तो ऐकलाच पाहिजे. ‘तुम्हां ख्रिस्ती लोकांचा हा संवाद म्हणजे धर्मप्रसाराचीच नवी युक्ती आहे.’ १९८८ साली सीताराम गोयल यांनी कॅथलिक आश्रमांवर टीकेचे एक पुस्तकच काढले. त्यातील बहुतेक निष्कर्ष मला अमान्य आहेत, पण प्रश्न खोटा नाही. १६१६ साली रायतूरला छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हा मराठी ख्रिस्ती साहित्याचा मुकुटमणी, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. एका इंग्रज जेज्वीटाने ओवीला असे आपलेसे करावे, ही ह्या भाषेची कृपा. परंतु त्याच पुराणात नवख्रिस्ती श्रोते विचारतात की, जुनी पुराणे तर गेली, आता आम्ही वाचावे काय? ती पुराणे आपसूक गेली नव्हती. १५६० च्या दशकात साष्टीतील देवळे पाडली गेली होती. पुढे १६८४ साली लोकांच्या भाषेवरच बंदीचे फर्मान निघाले. एकाच्या हाती सत्ता आणि दुसऱ्याच्या हाती राख असताना जे घडते त्याला पूरकता म्हणता येत नाही, त्यातून कितीही सुंदर काव्य जन्मले तरी. हे आपल्या मासिकांतून आणि शताब्दी-स्मरणिकांतून आपण फारच हळू आवाजात बोलतो. आज सत्तेचा काटा दुसरीकडे झुकलेला असताना तर मोठ्याने बोलायला हवे. नाहीतर आपली तक्रार ऐकणार कोण?

आणि म्हणून मिस्सामध्ये समई, आरती, भजनाचा ठेका आणला की संवाद झाला, ह्या समजुतीचाही मला कंटाळा आला आहे. ते शोभेचे आहे, काही वेळा सुरेखही आहे. परंतु उसने आणायचे आणि ऋणको व्हायचे नाही, ही रीत बरी नव्हे. कुराणाचे सार मराठी-हिंदी वाचकांपुढे ठेवण्याआधी विनोबा अरबी शिकले. १९५० साली कावेरीकाठी शांतिवनम् आश्रम स्थापणारे फ्रेंच संन्यासी आंरी ल सो, म्हणजे स्वामी अभिषिक्तानंद, अद्वैताचा अनुभव आणि ख्रिस्तयाग यांची सांगड घालता घालता १९७३ सालच्या मृत्यूपर्यंत तगमगत राहिले. त्यांची रोजनिशी वाचणाऱ्याला ही युक्ती असल्याचा संशय येणार नाही. एवढी किंमत देऊन माणूस युक्ती करीत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला तरुणांशी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी धर्मांना ईश्वराकडे नेणाऱ्या निरनिराळ्या भाषांची उपमा दिली आणि आमच्यातीलच अनेकांनी कपाळाला हात लावला. २०१९ साली अबु धाबीला अल अझहरच्या प्रमुख इमामांसह त्यांनी केलेल्या निवेदनातील, धर्मांची विविधता ही ईश्वरी इच्छा आहे, ह्या वाक्यावरही असेच काहूर उठले होते. मला भाषेच्या उपमेची भीती वाटत नाही. उलट, तिच्यातील सर्व अर्थ घ्यावा असे मी म्हणतो. दोन भाषा जाणणाऱ्या कोणालाही विचारा. वसईच्या सामवेदी आजीच्या तोंडची एखादी म्हण प्रमाण मराठीत आणताना काही ना काही सांडतेच. भाषा सारख्या नसतात, म्हणून तर भाषांतरकार लागतो. ‘करुणा’ आणि ‘ख्रिस्ती प्रीती’, ‘मोक्ष’ आणि ‘तारण’ हे समानार्थी शब्द नव्हेत. बौद्धाला दुःखाचे मूळ तृष्णेत दिसते, मला ते पापात दिसते. आणि ज्या रविवारी मी पापावर प्रवचन करतो त्या रविवारी श्रोत्यांच्या तृष्णेवर बोट ठेवण्याचे धैर्य मला बहुधा त्या बौद्ध विश्लेषणातून मिळते. पण माझी क्षमा ज्याने दिली तो क्रुसावर आहे. हे मी भन्तेंपुढेही तितक्याच स्पष्टपणे म्हणेन, आणि ते त्यांचे म्हणणे स्पष्टपणे सांगतील अशी अपेक्षा करीन.

सर्वधर्मसभेच्या आयोजकांना माझी एक विनंती आहे. पुढील सभेत वक्त्यांना सात मिनिटे द्याच, पण विषय बदला. आपल्या धर्माची थोरवी नको, सगळ्यांची एकताही नको. ‘माझ्या धर्मबांधवांत काय उणे आहे, आणि ते मला कोणाच्या धर्मात दिसले’ एवढ्यावरच बोलायचे. निम्मे वक्ते येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. जे येतील त्यांच्यासाठी समई लावू.

आणि आपल्या धर्मग्रामांसाठी एक सूचना. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २२२१ विरुद्ध ८८ मतांनी द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे इतर धर्मांविषयीचे निवेदन संमत केले. ते अवघ्या पाच परिच्छेदांचे आहे. मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, म्हणजे आपल्या वार्षिक सणाच्या आभारप्रदर्शनापेक्षा कमीच. ह्या निवेदनाला २०२५ साली साठ वर्षे झाली. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलांना मी विचारले, तर हे नाव एकालाही ठाऊक नव्हते. शेजारच्या आळीतील मशिदीत शुक्रवारी दुपारी काय म्हटले जाते, हेही नाही. येत्या २८ ऑक्टोबरला संध्याकाळच्या मिस्सानंतर हे पाच परिच्छेद मराठीतून वाचायचे, आणि तिसरा परिच्छेद, जो मुसलमानांविषयी आहे, तो ऐकायला त्या मशिदीतील दोघा-चौघांना बोलवायचे, असे मी आमच्या परिषदेपुढे मांडले आहे. काहींनी माना डोलावल्या, एकाने ‘फादर, काळ बरा नाही’ असा इशारा दिला. खुर्च्या मात्र सांगून ठेवल्या आहेत.